गिऱ्हाईक उघडत नाही

ऑफिसात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे सगळीकडेबाई म्हणत, आणि चांगलं तोंडावर म्हणत. ह्याला कारण ती स्वतःच. कुणीही नवं काम संपवून, छाती पुढे काढून तिच्या टेबलापाशी आला आणि "माझ्याकडे चालतंय" म्हणाला, की ही चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "तुझ्याकडे चालतंय रे, पण सगळीकडे चालतंय का?" झालं! फुग्यातली हवा तिथेच जायची. वर आणि, "तुझ्याकडेच चालत असेल तर तुझं मशीन घेऊन घरोघरी फिरणार आहेस का?" हे पुढचं वाक्यही सगळ्यांना पाठ होतं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. तिची कंपनी एक टूलकिट बनवायची, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी हत्यारांची पेटी. सुताराला जशी करवत नि रंधा, तसं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ह्या पेटीतून बटण मिळे, चित्र काढायची सोय मिळे, फाइल उघडायची सोय मिळे. आणि कंपनीचं वचन असं, की प्रोग्रॅम एकदाच लिहा, तो कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल. वचन देणारे देऊन मोकळे झाले. निभावायचं कुणी? हिने.

त्यासाठी तिला एक लांबट खोली दिलेली होती. भिंतीलगत मशीनं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर वेगळी सिस्टिम. त्या खोलीला सगळे गोठा म्हणायचे. सकाळी आल्या आल्या ती एकेकीला जागी करी, टूलकिटमधला नवा बदल एकेकीच्या पुढ्यात टाकी आणि कोण खातंय, कोण तोंड फिरवतंय ते बघत बसे. नखरे तरी किती! एकीला लहान अक्षर नि मोठं अक्षर एकच वाटे, दुसरीला त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. एकीला फाइलच्या पत्त्यातली तिरकी रेघ ह्या अंगाला कललेली लागे, दुसरीला त्या अंगाला. "ह्यांच्यापुढे माझी सासू परवडली," असं ती म्हणायची, आणि सासूशी तिचं कसं होतं हे ठाऊक असलेले सगळे हसायचे.

गोठ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात म्हातारी असे. म्हणजे एक जुनीपुराणी सिस्टिम. ती बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता, पण कंपनीचं टूलकिट अजून तिच्यावर चालायचं आणि ते चालत राहील हे सगळीकडेबाई जातीने बघायची. म्हातारी हे नाव ऑफिसात आलं तिच्या दादाकडून.

दादा बूट बनवायचा. दुकानात मिळतात तसले नाहीत. ज्यांचे पाय कुठल्याच दुकानातल्या बुटात मावत नाहीत त्यांच्यासाठी. एक पाय आखूड असलेले, बोटं नसलेले, घोटे सुजून भोपळा झालेले लोक त्याच्याकडे येत. दादा पाय मांडीवर घ्यायचा, टेपने मापं घ्यायचा, गप्पा मारत अंगठ्याने दाबून बघायचा, आणि मग पुठ्ठ्यावर साचा आखून कापायचा. सगळी करामत त्या आखण्यात होती. तिथे रेघ जरा चुकली, की माणूस महिनोन् महिने लंगडणार.

मग दादाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाला, थेंब घाला, नजर जाईल ती सावकाश जाईल, पण जाईल. दादा घरी येऊन नेहमीसारखा जेवला आणि बायकोला म्हणाला, "बूट शिवता येतील गं हाताने चाचपून. आखायचं कसं?"

बहीण कशासाठी असते? तिने सुट्टी काढली, आपलंच टूलकिट घेतलं आणि दादासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला. मापं टाकायची, बटण दाबायचं, की जोडलेलं यंत्र पुठ्ठ्यावर साचा आखून देई. रेघ मुद्दाम जाड नि काळीकुट्ट ठेवली, दादाला दिसेल अशी. ते आखायचं यंत्र कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं, त्याला त्या जुन्या सिस्टिमखेरीज कुणाची भाषा कळेना. म्हणून कॉम्प्युटरही जुनाच घ्यावा लागला. तो सुरू होताना इतका कण्हायचा, की दादा म्हणाला, "उठली बघ म्हातारी." तेच नाव पुढे तिने ऑफिसात नेलं.

प्रोग्रॅममध्ये पहिलं बटण होतं 'ग्राहक'. दादाने ते वाचून घेतलं आणि नाक मुरडलं. "ग्राहक काय गं? बँकेत असतात ते. माझ्याकडे येतं ते गिऱ्हाईक." तिने हसत हसत बटणावरचा शब्द बदलला. प्रत्येकाची फाइल त्याच्या नावाने, आपल्या लिपीत, दादा सांगेल तशी. आणि जाताना तिने अशी व्यवस्था करून ठेवली, की टूलकिटमधली प्रत्येक सुधारणा म्हातारीवर आपोआप येत राहील. दादाला काही बघायला नको, काही दाबायला नको. स्वतःच्या हुशारीचं तिला त्या दिवशी फार कौतुक वाटलं होतं.

कितीतरी वर्षं हे झकास चाललं. मधूनमधून दादा फोन करायचा, "चिमणे, अमुक होत नाहीये," आणि ती करून द्यायची. मग काम वाढलं, ती मोठ्या जागेवर गेली. एकदा दादाचा फोन नेमका मीटिंगमध्ये आला आणि ही करवादली, "दादा, काही अडलं तर कंपनीच्या पानावर रीतसर तक्रार टाकत जा ना! सगळे टाकतात. तू माझा भाऊ म्हणून तुला रांगेत पुढे घुसवलं तर लोक काय म्हणतील?" पलीकडून दादा म्हणाला, "बरोबर आहे तुझं." तो खरंच तसं समजूनच म्हणाला होता. त्यानंतर कामासाठी त्याचा फोन कधी आला नाही. खुशालीचे यायचे, हवापाण्याचे यायचे.

आणि हिला वाटलं, तक्रार नाही म्हणजे सगळं चालतंय. त्या धंद्यात असंच शिकवतात. तक्रार आली नाही म्हणजे बिघाड नाही, आणि बराच काळ तक्रार आली नाही म्हणजे वापरणाराच कुणी नाही. मशीनच्या बाबतीत सुद्धा हे पूर्ण खरं नसतं, माणसांचं तर सोडूनच द्या.

मग तो बदल आला. फाइलींची नावं वाचायची टूलकिटची पद्धत प्रत्येक सिस्टिमवर वेगवेगळी होती, ती एकसारखी करायची होती. चांगलं काम होतं. सगळीकडेबाईने स्वतः केलं, मन लावून केलं. गोठ्यात एकेकीवर लावून बघितलं, म्हातारीवरही बघितलं. चाललं. म्हातारीवर तिच्या चाचणीच्या फाइली होत्या, त्यांची नावं इंग्रजीत, टेस्ट एक, टेस्ट दोन. त्या पटापट उघडल्या. तिने बदल पाठवून दिला.

काही दिवसांनी तक्रारींच्या पानावर एक तक्रार आली. सिस्टिम: म्हातारी. नाव दिलं नाही, की ते पान आपोआप 'पाहुणा' असं घालतं, तसं घातलेलं. आणि खाली एकच ओळ: गिऱ्हाईक उघडत नाही.

आता ऑफिसात हसू नको तर काय होईल! चहाच्या मशीनपाशी ते वाक्य दिवसभर फिरलं. "काय रे, तुझं गिऱ्हाईक उघडलं का?" "नाही ना, झाकण घट्ट बसलंय." सगळीकडेबाईसुद्धा हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग जागेवर आली, गोठ्यात जाऊन म्हातारी चालू केली, टेस्ट एक उघडली, टेस्ट दोन उघडली. आणि पाहुण्याला उत्तर लिहिलं: 'आमच्याकडे चालतंय. अधिक माहिती द्यावी.' पाहुण्याने माहिती दिली नाही. ठरलेली मुदत संपल्यावर तिने तक्रार बंद केली.

जन्मभर दुसऱ्यांना ज्या वाक्यासाठी झोडपलं, तेच वाक्य आपल्या हाताने लिहिलं बाईने. आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

वर्षअखेरीच्या मीटिंगमध्ये नव्या साहेबांनी विषय काढला. "म्हातारीला किती दिवस पोसायचं? तिच्यापायी प्रत्येक काम रखडतं. एक तरी तक्रार उघडी आहे का तिच्यावर?"

"नाही," ती म्हणाली.

"मग वापरतं कोण?"

दरवर्षी ती ह्या प्रश्नावर भांडायची. ह्या वेळी तिचे गुडघे दुखत होते, मुलीचं बाळंतपण तोंडावर होतं, आणि खरं सांगायचं तर तीही कंटाळली होती. दादाचं मशीन तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण तिने विचार केला, त्याचं तर बसवलेलं आहे, नवं काही मिळालं नाही तरी आहे ते चालत राहील. बिघडलं असतं तर बोलला असता. ती म्हणाली, "ठीक आहे. सोडून देऊ."

गोठ्याची वायरिंग बघणारा वायरमन म्हातारीला उचलून भंगाराच्या गाडीत ठेवायला आला, तेव्हा दारात थबकला. "बाई, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो," म्हणाला. तिने त्याला हसून वाटेला लावलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी वहिनीचा फोन आला. "ताई, हे दुकान बंद करणार म्हणतायत. माझं ऐकत नाहीत. तुम्ही एकदा येऊन जा."

ती दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आत चामड्याचा नि सोल्यूशनचा तोच जुना वास. दादा आपल्या बैठ्या स्टुलावर बसलेला. ती दारात उभी राहिली तरी तो काही बोलला नाही, आणि तिने "दादा" म्हटल्यावर एकदम तोंडभर हसला. "आली का चिमणी! ये, ये." वहिनीने चहाचा कप त्याच्या हातातच दिला, बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही. दादाच्या डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती.

पलीकडे खुर्चीवर एक नर्स बसली होती. तिचा एक पाय आखूड, दिवसभर वॉर्डात उभं राहायचं काम, आणि लग्नाआधीपासून ती दादाचेच बूट घालायची. मांडीवर नवा जोड घेऊन अवघडल्यासारखी बसली होती.

"काका, डावा लागतोय हो," ती म्हणाली. "मी आठवडाभर घालून बघितला. म्हटलं सैल होईल. पण टाच सोलून निघाली."

दादाने तो बूट हातात घेतला. आतून चाचपला. मग म्हणाला, "माझं चुकलं पोरी. असं कधी झालं नव्हतं. आता असंच होणार, म्हणून तर बंद करतोय."

"पण चुकलं कसं?" सगळीकडेबाई म्हणाली. "साचा तर म्हातारी आखते ना?"

दादा बूट चाचपतच राहिला. तेव्हा तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. म्हातारीवर जुनी चादर घातलेली होती, आणि चादरीवर रिकाम्या खोक्यांची चळत.

ती उठली, खोकी खाली ठेवली, चादर ओढली, मशीन चालू केलं. म्हातारी कण्हत कण्हत उठली. बटण दाबून तिने नर्सचं नाव निवडलं. पडद्यावर आलं: फाइल सापडली नाही. फाइल तर समोर दिसतेय! दुसरं नाव, तेच. तिसरं, तेच. मग यादीत तिला एकच इंग्रजी नाव दिसलं, तिने स्वतःच पहिल्या दिवशी करून बघायला ठेवलेलं. ते झटकन उघडलं.

कारण काय ते तिला एका क्षणात कळलं. म्हातारी मराठी अक्षरं जुन्या पद्धतीने लिहून ठेवते, आणि तिने केलेला बदल आपोआप इथेही आल्यामुळे टूलकिट आता नव्या पद्धतीने वाचतं. इंग्रजी अक्षरं दोन्ही पद्धतींत सारखीच, म्हणून टेस्ट एकला नि टेस्ट दोनला काही झालं नाही. खऱ्या माणसांची नावं तेवढी हरवली. तिच्या गोठ्यात खऱ्या माणसाचं नाव एकही नव्हतं.

"कधीपासून बंद आहे हे?" तिने विचारलं.

"झालं की वर्षाच्या वर," दादा म्हणाला.

"आणि इतके दिवस हाताने आखत होतास? ह्या डोळ्यांनी? अरे दादा, एक तक्रार तरी करायचीस!"

"केली की!" वहिनी फणकारली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, रीतसर करा म्हणून? ह्यांनी सांगितलं, मी एका बोटाने टाइप केलं. मला काय येतंय हो त्यातलं? बटणावर होतं तसंच लिहिलं मी, गिऱ्हाईक उघडत नाही."

सगळीकडेबाई तिथल्या तिथे खाली बसली.

"आणि उत्तर आलं हो," वहिनी म्हणाली. "अगदी लगेच आलं. 'आमच्याकडे चालतंय' म्हणे. आणखी माहिती द्या म्हणे. आता आणखी काय देणार? उघडत नाही, तर नाही!"

दादा हसला. "मी म्हटलं हिला, जाऊ दे. त्यांच्याकडे चालतंय तर बरंच आहे की. निदान कुठेतरी चालतंय."

"दादा, ते उत्तर मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "मीच. आणि लिहायच्या आधी हसले होते रे मी तुला."

नर्स खाली बघू लागली. दादाने कप चाचपत बाजूला ठेवला.

"हसण्यासारखंच होतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक काय डबा आहे उघडायला? आणि तुला कसं कळणार गं, मी आहे म्हणून?"

"कळायला हवं होतं. ते बटण जगात दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये नाही."

मग ती पदर खोचून कामाला लागली, कारण दुसरं काय करणार? टूलकिट दुरुस्त करून आणायची सोय उरली नव्हती. म्हातारीसाठी ते जिथे तयार व्हायचं ते मशीन भंगारात गेलेलं, तिच्याच होकाराने. पण प्रत्येक फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर उघडायला हरकत नव्हती. इतकं सोपं. फोनवर वहिनीला सांगितलं असतं, तरी झालं असतं.

ती एकेक नाव वाचू लागली आणि दादा ऐकू लागला. "हां, हा टॅक्सीवाला. उजवी टाच बाहेरून झिजवतो." तिने नाव बदललं. "ही पोस्टातली. दोन बोटं नाहीत, पण नाचते काय सुंदर." बदललं. "हा गेला बिचारा. राहू दे त्याचं, काढू नकोस." त्याचंही बदललं. नर्स कामाला जायची होती, पण गेली नाही, ऐकत बसली. काही नावांवर वहिनी हळूच म्हणायची, "हे आता दुसरीकडे जातात." दादा म्हणायचा, "जाऊ देत. त्यांचंही बदल. परत आले तर?"

मधे दादा हात धुवायला आत गेला तेव्हा वहिनी तिच्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, नजर जाणारच होती. तुमचा दोष नाही, ताई. पण होती तेवढी कशावर घालवायची, हे तरी आपल्या हातात होतं ना? वर्षभर रेघांवर घालवली ह्यांनी. नातवाचं तोंड नीट बघायचं राहिलं." एवढं बोलून ती चहाचे कप उचलून निघून गेली. सगळीकडेबाईने हे ऐकलं, पण त्यातली 'होती' नि 'घालवली' ही क्रियापदं तिच्या डोक्यात शिरली नाहीत. तिचं लक्ष पडद्यावर होतं.

दुपार कलता कलता शेवटचं नाव झालं. तिने बटण दाबलं, नर्सचं नाव निवडलं. गिऱ्हाईक उघडलं. डावा पाय, उजवा पाय, सगळी मापं जशीच्या तशी. यंत्राचं पेन वाळून गेलं होतं, तिने नवं घातलं, पुठ्ठा लावला. यंत्र घरघरलं, अडखळलं, आणि मग त्याने डाव्या पायाचा साचा एका दमात आखला. काळी, जाड, ठळक रेघ. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता यावी अशी.

"दादा!" ती लहानपणी ओरडायची तशी ओरडली. "दादा, बघ!"

दादा उठून आला. तिने पुठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे वळवला, तिरका धरला. मग खाली टेबलावर ठेवला आणि त्यावरून सावकाश तळहात फिरवला, एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत.

"निघाली का गं रेघ?" त्याने विचारलं.

तिने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान वळवली.

"निघाली, दादा," ती म्हणाली.

"छान. नीट निघाली ना?"

"नीट निघाली."

"मग झालं तर," दादा म्हणाला, आणि मनापासून हसला, त्यात टोमणा नव्हता, ते जास्त वाईट. "म्हणजे तुझ्याकडे चालतंय."

त्याने कात्री चाचपून शोधली आणि तिच्या हातात ठेवली. नर्स बूट काढून अनवाणी बसली होती, तिला घाई नव्हती. सगळीकडेबाईने पुठ्ठा जवळ ओढला आणि कापायला सुरुवात केली. डोळे भरून येत होते, आणि रेघ सारखी नजरेतून निसटत होती.